मोरचुदाची पोटली

मोरचुदाचे खडे पिंपात टाकायचे नसतात, टांगायचे असतात. आमच्या निमगाव केतकीच्या बागेत हे काम थोरल्या वहिनीचं. डाळिंबावर तेल्या रोग येऊ नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारायचं असलं, की आदल्या संध्याकाळी ती निळे खडे जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायची. पिंपावर आडवी काठी ठेवून पोटली वरच्या पाण्यात जेमतेम बुडेल अशी सोडायची. मग पोटलीतून निळे धागे सुटायचे आणि सावकाश तळाकडे उतरायचे. विरघळलेलं पाणी जड होऊन खाली जातं, पोटलीभोवती कोरं पाणी येत राहतं. सकाळी फडकं रिकामं. तेच खडे तळाशी टाकले तर आपल्याच निळ्या पाण्यात नुसते बसून राहतात.

ते धागे मला अजून दिसतात. पाण्याच्या तांब्यात दिसतात, डोळे मिटले तरी दिसतात.

भाऊ गेल्यावर बाग वहिनी आणि मी बघत होतो. त्या हिवाळ्यात मधेच आभाळ आलं. फळं लिंबाएवढी झाली होती, फवारणी लगेच हवी होती. वहिनीनं नेहमीसारखी पोटली टांगली. पण रात्री गारठा फार पडला आणि गार पाण्यात मोरचूद लवकर विरघळत नाही. सकाळी मी पिंपाशी गेलो तेव्हा फडक्यात मूठभर खडे शिल्लक होते. बारामतीहून भाड्यानं आणलेला फवारणीचा ब्लोअर बांधावर उभा होता. ट्रॅक्टरवाला ओरडत होता, "तात्या, आज फवारायचंय का संक्रांतीला?"

खडे कुटून कोमट पाण्यात ढवळले असते तर थोड्या वेळात काम झालं असतं. मी फडकं सोडलं, खडे पिंपात झटकले, काठीनं चार वेढे मारले आणि सगळं चुन्याच्या पाण्यात ओतलं. विळ्याचं पातं बुडवून पाहिलं. तांबूस झालं असतं तर चुना कमी पडला असं समजायचं. पातं स्वच्छ निघालं, कारण खडे तळाशी होते.

वहिनी गोठ्यातून आली. "भावजी, इरघळलं का समदं?"

"कवाच," मी म्हणालो.

शेवटची टाकी तळाच्या, खडे विरघळून जहाल झालेल्या पाण्यानं भरली. ते पाणी बांधाकडच्या ओळींवर गेलं. पुढच्या काही दिवसांत तिथली पानं कडेनं करपली, फळांच्या सालीवर काळे चट्टे उठले. भावकीतली माणसं बघायला जमली, आणि कुणी विचारायच्या आत मी बोललो, "वहिनीनं पोटली उशिरा टांगली."

वहिनी पोटली नेमकी केव्हा टांगली, ते आठवत असावी. तिला ते खरं वाटलं. तिचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता, त्यालाही वाटलं. त्यानं बाग हाती घेतल्यावर तिला औषधाजवळ येऊ दिलं नाही. पुढं ती बावड्याला भावाकडं राहायला गेली. आमच्याकडं अजूनही कुणी घाईत काम बिघडवलं, की पुतण्याच आपल्या बायकोला म्हणतो, "आईवानी करू नगं." सगळे हसतात. मीही हसत आलो.

गेल्या महिन्यात मी बावड्याला गेलो. वहिनीनं चहा केला. कपात साखर घालून ती ढवळू लागली, आणि ढवळतच राहिली. साखर केव्हाच विरघळली होती. चमचा कपाच्या तळाला घासत होता. तिनं तो बाहेर काढला, उजेडात धरून पाहिला, पुन्हा बुडवला.

"वहिनी, झाली की."

"झाली आसंल. पर माझा माझ्यावर भरवसा न्हाय ऱ्हायला, भावजी."

तेव्हा मी सगळं सांगितलं. खडे, काठी, "कवाच" म्हणालो ते. चमचा थांबला.

"म्हंजी मी येळंवर टांगली व्हती?"

"व्हय."

कोनाड्यातला फोन काढून तिनं मुलाला लावला आणि माझ्यापुढं धरला. "हे मला नगा सांगू. त्याला सांगा."

मी सांगितलं. पलीकडं बागेतल्या मोटारीचा आवाज येत होता. मग पुतण्या म्हणाला, "तात्या, आईकडं द्या."

तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. वहिनीचं मात्र ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "वरच सोडायची. जरा बुडंल इतकी. तळाला टेकू द्यायची न्हाय."

फोन ठेवून तिनं कप माझ्याकडं सरकवला. चहा गार झाला होता. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "घ्या. गोड हाय."