उजवीकडे वळलेलं विमान

माझं पहिलं विमान आमच्याच म्हशीच्या पाठीवर उतरलं. जालन्याच्या घराच्या माळवदावरून मी ते मोठ्या ऐटीत सोडलं, त्यानं नाक वर केलं, हवेत जरा थांबून विचार केल्यासारखं केलं आणि शेपटीवर बसत खाली आलं. संध्याकाळी म्हशीनं पान्हा चोरला. बायको म्हणाली, "आता चहा बिनदुधाचा प्या, विमानवाले."

चूक साधी होती. शेपूट जड, नाक हलकं. पण मोटारसर्व्हिसच्या कचेरीतल्या कारकुनाला एवढी अक्कल येईपर्यंत आणखी बरीच विमानं मोडली. हळूहळू उमजलं, वजन पंखांच्या पुढच्या कडेजवळ हवं. पंख सपाट नकोत, दोन्ही टोकं जरा वर उचललेली हवीत. मग एक पंख खाली गेला की हवाच त्याला वर लोटते आणि विमान आपोआप सावरतं. शेवटी एक असं जमलं की मुद्दाम वाकडं फेकलं तरी ते लगेच सरळ व्हायचं. आमच्या घरात एवढ्या स्थिर बुद्धीचं दुसरं कोणी नव्हतं.

मग त्याला बिनतारी हुकूम देण्याचं वेड लागलं. निजामाच्या राज्यात असलं यंत्र बाळगणं म्हणजे चौकीला आमंत्रण, म्हणून सगळं पिशवीत लपवून. माझ्याजवळ मोटारीची जुनी कॉइल आणि एक बटण. दाबलं की ठिणगी. विमानात काचेच्या नळीत धातूचा कीस. इकडे ठिणगी पडली की तिच्या लहरीनं तिकडे कीस चिकटतो, सेलची वीज त्यातून जाते, खिटी सुटते आणि ताणलेलं रबर सुकाणू उजवीकडे खेचतं. बस. विमानाला एवढा एकच हुकूम कळायचा, उजवीकडे वळ.

माझी धाकटी बहीण राजूरच्या अलीकडच्या एका खेड्यात दिलेली. तिचा नवरा मोटारीचा मेकॅनिक म्हणून लामावर, म्हणजे लढाईवर, गेला होता, ब्रह्मदेशात. लढाई संपली, बाकीचे आले, हा आला नाही. मेल्याचा कागदही आला नाही. वाट पाहून पाहून सासूच्या मनानं घेतलं, पोराचा जीव कुठंतरी अडकलाय, पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया उरकावी. क्रिया झाली की बहिणीचं कुंकू पुसणार. आमचे आईवडील नव्हते, म्हणून माहेरचा होकार द्यायला मला बोलावलं होतं.

मी विमान घेऊनच निघालो.

"दुखाच्या घरी खेळणं घेऊन कोण जातंय?" बायको म्हणाली.

"त्यांच्या गावामागं टेकडी हाय. टेकडी जालन्याला आणता येत न्हाई," मी म्हणालो.

तिथं पोचल्यावर विमान ओसरीवर ठेवलं. बांबूच्या कामट्या, वर पांढरा पातळ कागद. बहिणीची सासू त्याच्यासमोर उकिडवी बसली. मग कागदावरून बोट फिरवत म्हणाली, "आतल्या काड्या दिसून राह्यल्या. बरगड्यावानी."

"हां मावशी."

"माणूस बसतो याच्यात?"

"न्हाई. रिकामं असतं."

"रिकामं कशानं असंल, पाव्हणं?" तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तिकडं डोक्यावरून इमानं जातेत म्हणायचा त्यो. यालाच विचारू. उजवीकडं वळलं तर माझा लेक हाय. सरळ गेलं, न्हाईतर डावीकडं गेलं, तर न्हाई. मंग येत्या अवसेला उरकू."

देवापुढं कौल लावतात, तसा तिनं विमानापुढं लावला. मला हसू दाबावं लागलं. माझ्या विमानाला उजवीकडे वळण्यापलीकडं काही येतच नव्हतं!

"बिलकुल, मावशी," मी म्हणालो. "बराबर विचारलंत."

टेकडी चढताना बहिणीनं मला मागं ओढलं. "दादा, ते तुझ्या हातात हाय का?"

मी पिशवीवर थाप मारून डोळा मिचकावला. वाटलं, हसेल. ती थांबलीच.

"मंग मला काय कळणार?"

"अगं, कुंकू राहील तुझं."

"राहील. पण मला बी विचारायचंय. खरंच विचारायचंय."

"गप चल," मी म्हणालो.

भर दुपार होती. वारा पडलेला, खाली कपाशीचं पान हलत नव्हतं. मी विमान सोडलं. त्याला इंजिन नाही, म्हणून आवाज नाही. ढेकळांवरून त्याची सावली मात्र जिवंत जनावरासारखी सरकत होती. चरणाऱ्या शेळ्या माना वर करून जागीच थिजल्या.

मी पिशवीत हात घालून बटण दाबलं. ठिणगी तडतडली. विमान सरळ गेलं. पुन्हा दाबलं. सरळ. सासूचे हलणारे ओठ थांबले. मी बटण दाबत राहिलो आणि विमान ओढ्याच्या दिशेनं लहान होत गेलं.

तेवढ्यात बहीण पुढं झाली आणि तिनं नवऱ्याला नावानं हाक मारली. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तिच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

विमानाचा उजवा पंख खाली गेला.

कललं की सावरायचं, हे मीच त्याच्या पंखांत घातलेलं. ते सावरलं नाही. पंखावर कुणी हात टेकवून धरावा तसं कललेलंच राहिलं, पुरता वळसा घेऊन त्यानं आमच्याकडं तोंड केलं, आणि मगच सरळ झालं. पायथ्याच्या गवतात अलगद येऊन बसलं.

सासू तिथंच मातीत बसली. सुनेचा हात ओढून घेऊन बांगड्यांवरून बोटं फिरवत राहिली. "हाय. माझा लेक हाय. अवसेला काही करायचं न्हाई."

मी धावत खाली गेलो. खिटी अडकलेलीच होती. सुकाणू सरळ. नाकाची झडप उघडून बोट आत घातलं, तर वाळू लागली. सेल महाग, म्हणून चाचणीला मी त्याच वजनाची वाळूची पुरचुंडी नाकात ठेवायचो. निघताना ती काढायची राहून गेली होती. वजन बराबर, म्हणून उडालं एवढंच. वीज त्यात नव्हतीच. आणि अशा उन्हात ती वाळू गार होती, माठाखालच्या वाळूसारखी.

बहीण मागं येऊन उभी राहिली. "दादा, तूच वळवलंस ना?"

मी झडप लावून टाकली. "हो मंग. आणखी कोण वळवणार?"

तिनं मान हलवली आणि कपाळावरचा घाम पुसला, कुंकू सांभाळून.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. मी कारणही मांडलं : उन्हानं हवेचा भपका उठतो, डाव्या पंखाखाली शिरला असेल.

"मंग सावरलं का न्हाई?"

मी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

तिनं सूप खाली ठेवलं. "उद्याच्या मोटारीनं परत जा आणि तिला खरं सांगून या. हाक तिनं तिच्या मालकांना मारली होती. तुम्ही का ओ दिली?"