काकांकडची निळी पिंपं

सफाळ्याला बिऱ्हाड हलवताना मी नायगावच्या टॉवरला चाललोय म्हणून सांगितलं, ही माझी चूक. थाप मारायला विरारात माणसं काय कमी होती? मी शेजारच्या काकांना मारली. विरारच्या आमच्या चंदनसार भागात कोण आलं, कोण गेलं, कोणाचा पगार वाढला नि कोणाचा आटला, हे त्या घराआधी काकांना कळतं.

टेम्पोचा आवाज आला की काका अर्धी दाढी तशीच ठेवून खाली उतरतात. येणाऱ्याला पाण्याचा तांब्या देतात आणि जाणाऱ्याची तुळस ताब्यात घेतात. ती कुंडी ड्रायव्हरशेजारी बसून, मांडीवर धरून थेट नव्या दारात पोचवतात. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, टॉवरमध्ये नळाला दिवसभर, म्हणून जाणारे आपलं निळं पिंप काकांना देऊन जातात. त्यांच्या दारापासून जिन्यापर्यंत पिंपांची रांग आहे. "हे दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं. पोरगी बँकेत लागली ना, नायगावला गेल्या," असं पिंपाला थोपटत सांगायचे. त्या थोपटण्यावर मी जळायचो. वास्तुशांतीचे पेढे आले की दोन खायचो, आणि दोन्ही कडू लागायचे. इतकी वर्षं शेजारी राहून माझ्या नावाचं तिथे झाकणसुद्धा नव्हतं.

मग वालीवच्या आमच्या कारखान्यात काम घटलं, पगार अर्ध्यावर आला आणि सफाळ्याला स्वस्तातली भाड्याची जागा बघावी लागली. बायको झाडलोट करायला पुढे गेली. ड्रायव्हरला मी बजावलं, कोणी बघेल म्हणून हायवेला आधी नायगावच्या बाजूला वळ, मग कुठूनतरी उलटा सफाळ्याकडे फिर. काकांचा गुडघा सुजला होता, ते काही यायचे नाहीत, असा माझा अंदाज. काका लंगडत आले आणि तुळस घेऊन चढून बसले.

आता काय करणार? नायगावची लिफ्ट, नायगावची बाग, मी बोलतच सुटलो. काका बाहेर बघत नुसतं "हं" म्हणत होते. वालीवच्या फाट्याशी ते ड्रायव्हरला म्हणाले, "फिरव रे गाडी. सफाळ्याला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येईल."

"काका, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सकाळी तुझी बायको झाडू घेऊन सफाळ्याच्या गाडीत बसली. आणि मागे दोन्ही पिंपं तूच चढवलीस ना? टॉवरला कोण पिंप नेतं?"

पुढे रस्ताभर खड्डा आला की ते तुळशीभोवती हात धरायचे. सफाळ्याच्या दारात त्यांनी कुंडी ठेवली, पँटवरची माती झटकली आणि निघाले. आता ज्याच्यावर जळावं असंही शेजारी कोणी नसणार, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"काका, एक पिंप न्या. आठवण म्हणून."

"नको. चढत्या पगाराचीच ठेवतो मी," काका म्हणाले. "तू भरून ठेव ते. इथेही पाणी एक दिवसाआडच येतं."