जिनिंगमधले फ्लॅट

आमच्या मालकीची एक दोनमजली दगडी इमारत आहे आणि आम्ही भाड्याने राहतो.

माजलगावात या इमारतीला सगळे ‘जिनिंग’ म्हणतात. निजामाच्या राज्यात इथे कापसातून सरकी वेगळी काढणारी यंत्रं होती. यंत्रं गेली, निजामही गेला; उरल्या त्या कमानी माझ्या आजोबांनी विकत घेऊन ठेवल्या. (कशासाठी, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.) पुढे तिथे खताची पोती, कडबा आणि तात्यांचे जुने निवडणूक फलक राहायला लागले. तात्या म्हणजे माझे चुलते, माजी नगरसेवक. ‘माजी’ हा शब्द त्यांना सोसत नाही, म्हणून मी तो फक्त लिहिताना वापरतो.

यंदा आमचे घरमालक म्हणाले, “गुरुजी, दिवाळीनंतर पोराचं लगीन हाय. खोल्या लागतील बगा.” मग आम्ही ठरवलं, जिनिंगमध्ये फ्लॅट काढायचे. खाली तात्या, वर आम्ही, उरलेले भाड्याने द्यायचे. माझ्या बायकोनं, सुनंदानं, त्याच दिवशी वर जाऊन पोत्यांतून वाट काढत स्वयंपाकघराची जागा नक्की केली आणि ओटा कुठे, फ्रीज कुठे, देव कुठे, सगळं खडूनं फरशीवर आखून ठेवलं. लग्नापासून ती दुसऱ्याच्या ओट्यावर पोळ्या लाटत आली होती. त्या खडूच्या रेघांत उभं राहून तिनं हवेतच पोळी भाजून दाखवली, तेव्हा मला खरंच भरून आलं.

नगर परिषदेतले साहेब म्हणाले, “इमारत जुनी हाय. पुरातत्त्ववाल्यांनी ‘यात इशेष काही न्हाई’ असं कळवलं की आमी लगेच परवानगी देतो.” आणि संभाजीनगरहून एक मॅडम पाहणीला येणार असं ठरलं.

आता संकट एकच होतं. तात्या!

“तात्या, मॅडमसमोर इतिहास काढायचा नाही,” मी बजावलं. “साधं गोदाम आहे, एवढंच म्हणायचं.”

“आरं, पन लांबून पाहुनी यायलीय. सत्कार तरी करावा का न्हाई?”

“सत्कार करा. भाषण नको.”

“बिनभाषणाचा सत्कार? लोकं तोंडावर थुकतील की बे!”

शेवटी तडजोड झाली. शाल, श्रीफळ, हार सगळं करायचं. तात्यांनी तोंड उघडायचं नाही. आणि सूत्रसंचालन मी करायचं. गावातल्या बारशापासून श्रद्धांजली सभेपर्यंत सगळीकडे सूत्रसंचालन माझंच असतं. माईक गुरुजींच्या हातात आहे म्हणजे काळजी नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही तेच होतं.

मॅडम आल्या. मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी भिंती पाहिल्या, कमानी पाहिल्या, वर जाऊन खडूच्या रेघा पाहिल्या.

“हे काय?”

“ओटा,” सुनंदा लाजत म्हणाली.

मॅडम हसल्या. “अशा जिनिंग बऱ्याच गावांत आहेत. इथं वेगळं काही दिसत नाही. मी तसं कळवते.”

सुनंदानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तिनं लग्नातही पाहिलं नव्हतं. इथेच सगळं थांबायला हवं होतं. पण शाल आणलेली होती!

खाली मांडव भरला होता. मी माईक घेतला. एकच वाक्य बोलायचं होतं, मॅडमचं स्वागत असो. पण माईक हातात आला की माझं तोंड माझं राहत नाही.

“या ऐतिहासिक वास्तूच्या प्रांगणात...” मी सुरुवात केली.

टाळ्या! आणि टाळ्या पडल्या की मला थांबता येत नाही.

“जिच्या कमानींनी निजामाच्या वजिराची पावलं पाहिली...” (कोणता वजीर, ते मलाही अजून माहीत नाही.) “जिच्या भिंतींनी मुक्तिसंग्रामातल्या वीरांना आसरा दिला...”

सुनंदा पहिल्या रांगेतून दोन्ही हात खाली दाबत होती. मला वाटलं, ती मागच्या लोकांना बसायला सांगतेय. मी आवाज आणखी चढवला. तेवढ्यात, इतका वेळ ओठ आवळून बसलेले तात्या फुटले.

“आन् भुयार सांग की!”

“भुयार?” मॅडम सावरून बसल्या.

“थेट धारूरच्या किल्ल्यात निगतंय!”

“सुरू कुठून होतं?”

तात्यांनी जिन्याकडे बोट केलं. शेजारच्या किराणा दुकानदारानं विहिरीकडे. “आमच्या आज्याची म्हैस गेलती त्यात,” तो म्हणाला.

“मग?”

“मग काय, धारूरच्या बाजारात घावली!”

मॅडमनी शाल बाजूला ठेवली आणि कॅमेरा काढला.

“सर, एवढा इतिहास असताना ‘विशेष काही नाही’ असं मी कसं कळवू?”

मी माईक टाकून धावलो. “मॅडम, ते आपलं बोलायचं म्हणून बोललो. सगळं खोटं आहे!”

“कावून खोटं?” मांडवातून आवाज आला. “गुरुजी कदीच खोटं बोलत न्हाईत!”

गावानं माझ्यावर जाहीर विश्वास दाखवायला नेमका तोच दिवस निवडला.

सखोल पाहणी होईपर्यंत इमारतीत काही बदल करायचा नाही, असं कळवण्यात आलं. पाहणी अजून चालू आहे. आम्ही धान्यबाजाराच्या मोंढ्यामागे नव्या भाड्याच्या खोल्यांत आलोय. तिथे मी स्वयंपाकघरात शिरायचं म्हटलं तर सुनंदाला बाहेर यावं लागतं, आणि ती येत नाही.

जिनिंग पाहायला मात्र आता रविवारी बाहेरगावचे लोक येतात. माहिती सांगायला कुणीतरी हवं, म्हणून मीच जातो. परवा परभणीहून आलेल्या एका काकूंनी विचारलं, “इतकी छान जागा! इथं कुणी राहत नाही का हो?”

मी तोंड उघडायच्या आत मागून सुनंदा म्हणाली, “आमी राहनार होतो. पन ह्यांनी भाषण केलं.”

सगळे खो खो हसले. दोघाचौघांनी टाळ्याही वाजवल्या. आणि टाळ्या पडल्यावर मी, सवयीनं, एक पाऊल पुढे येऊन सर्व उपस्थितांचे आभार मानले.