भिंतभर पडदा

चौसाळ्यात माझ्या दुकानाला लागून लग्नपत्रिका आणि बॅनर बनवणारा एक जण बसतो. कम्प्युटरला त्यानं मॉनिटरऐवजी भला मोठा ओएलईडी टीव्ही जोडलाय. "बारकं बघून डोळे फुटायलेत," म्हणतो. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवायची, कीबोर्ड मांडीवर घ्यायचा, असं त्याचं काम. एकच चित्र फार वेळ राहिलं तर पडद्यावर डाग पडतो, म्हणून गिऱ्हाईक गप्पांना लागलं की पडदा लगेच काळा करतो.

परवा एक आजी नातीच्या लग्नाच्या बॅनरसाठी जुना फोटो घेऊन आल्या. बायकांच्या घोळक्यात त्यांची आई नखाएवढी दिसत होती. आई गेली तेव्हा आजी पाळण्यात होत्या. त्यानं तेवढाच चेहरा साफ करून पडदाभर केला.

"आजी, बघा आता."

आजी पडद्यापाशी गेल्या. "आगं बया! मायच्या गालाला खळी हाय की! माझ्यावानी!"

त्या हसत तिथंच उभ्या राहिल्या. बराच वेळ झाला तसा मी हळूच म्हणालो, "डाग पडंल बे."

"पडू दे की!" तो म्हणाला आणि दारात जाऊन त्यानं गल्लीला हाक मारली, "या रे, आजीची माय बघायला या!"