दोन एसींचा बोर्ड

मुलगा बंगळूरहून फोनवर म्हणाला, "आई, मे महिन्यात अकोल्याले लहान पोरीले घेऊन कसं यायचं? तुझ्याकडे कूलर अन् मोटर संगं लावली की फ्यूज उडते." कशाला खोटं बोलू, उडतच होता. तीन उन्हाळे मुलगा, सून, नात येणार येणार म्हणत होते आणि मी एकटीच आमरस करून एकटीच खात होते.

मग म्हटलं, घराचा मेन बोर्डच बदलू. मागच्या गल्लीतला इलेक्ट्रिशियन आला आणि यादी करायला बसला. पंखे किती, गिझर आहे का, मोटर केवढी.

"एसी?"

"दोन. परवाच घेतले."

"घरी माणसं किती?"

"चार," मी बेधडक सांगितलं.

त्यानं दारातल्या चपलांच्या एकाच जोडाकडे पाहिलं. "काकू, राग नका मानू. बोर्ड येणाऱ्याले मोजून नाई लावत, रोजचा वापर पाहून लावतात. एका एसीपुरतं सिंगल फेज लय झालं. सगळंच एकदम चालवाचं तर थ्री फेज लागते, लोड वाढवाचा अर्ज, नवं मीटर. एकट्या माणसाले काहून पाहिजे एवढं?"

मी तडकलेच. "एकटी म्हणून कोणी सांगितलं तुले? थ्री फेजच लाव."

बिचारा माझ्या भल्याचंच बोलत होता. मागून लाज वाटली, म्हणून चहात साखर जरा जास्तच टाकली.

एप्रिल संपता संपता नवी पेटी बसली. मी फोटो काढून मुलाला पाठवला. लगेच फोन आला. "मस्त केलं आई. आता तुझा उन्हाळा सुखाचा जाईल. आमचं मात्र मे महिन्यात सिमल्याचं ठरलं आहे. दिवाळीत पाहू."

"बरं," मी म्हटलं. ऊन हे कारण कधीच नव्हतं. मला ते आधीपासून माहीत होतं, फक्त मानायचं नव्हतं. फार एकटं वाटलं त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी इलेक्ट्रिशियन लोड तपासायला आला. त्यानं दोन्ही खोल्यांतले एसी लावायला सांगितले, गिझर, मोटर, सगळं. घरभर घरघर सुरू झाली. बंद दारांमागे दोन रिकाम्या खोल्या गार होऊ लागल्या. त्यानं हातातलं मीटर लावून पाहिलं, तार तापते का म्हणून वरून हात ठेवून पाहिला.

"बराबर आहे काकू. झालं काम. करू आता बंद?"

"राहू दे," मी म्हटलं. "जराक वेळ राहू दे."