आप्पांना सांगितलेला खुनी

चूक माझी होती. काल यवतच्या रद्दीवाल्याकडं वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेली ती जुनी रहस्यकादंबरी सापडली. पानं नाकाशी धरली आणि पाटसला कारखान्यासमोर लागलेली उसाच्या गाड्यांची रांग आठवली. मळीच्या वासात मी मोठ्यानं वाचायचो. रांगेतल्या शेजारच्या बैलगाडीचे गाडीवान आप्पा बिडी विझवून ऐकायचे. शेवटच्या प्रकरणाआधीच आमच्या ट्रॅक्टरचा नंबर लागला.

"आरं, खुनी कोण त्ये तरी सांग!"

शेवट मीही वाचला नव्हता. पण यांना कुठं वाचता येतंय, या घमेंडीत म्हणालो, "डॉक्टर."

"व्हय! मला वाटलंच हुतं!"

ते वर्षानुवर्षं लोकांना तीच गोष्ट रंगवून सांगत राहिले. काल रात्री मी शेवट वाचला. डॉक्टर निर्दोष होता.

आज कवठे येमाईला त्यांच्या खाटेशी बसलो. "आप्पा, मी तुम्हाला खोटं सांगितलं. माफ करा," म्हणालो आणि शेवटचं प्रकरण उघडलं.