विभूतीतली ओली रेघ

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. थोरल्या बहिणीला, अक्कालाही नाही — आणि तिच्यापासून माझं एरवी काही लपत नाही.

आमचे वडील, अण्णा, राजाजीनगरच्या एका लहान कारखान्यात प्रेसवर होते. पत्र्यातून वायसर कापणारा जुना, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा प्रेस. दिवसभर दणके. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, मेकॅनिकलला होतो. नुकतंच शिकलो होतो — बीड वाकून इशारा देत नाही. रोजच्या दणक्यांनी त्यात केसाएवढी चीर पडते, आतल्या आत वाढते, आणि एक दिवस ते एकदम तुटतं. चीर शोधायची कशी? रॉकेल लावून पुसायचं, वर खडूची पूड टाकायची. चिरेत मुरलेलं रॉकेल पुडीत उमटतं.

दसऱ्याच्या वेळी यंत्रांची आयुधपूजा असते, तिला अण्णा मला हौसेनं घेऊन गेले. प्रेस मी रॉकेलनं धुतला, कोरडा पुसला, विभूतीचे पट्टे ओढले — आणि चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात, पांढऱ्या पट्ट्यातून, एक बारीक ओली रेघ वर आली.

कळलं नाही, असं म्हणू? कळलं होतं. लगेच.

मालक पूजेत फोडायचा कोहळा घेऊन उभे होते. "काय इंजिनियर, सगळं सरी ना? ठीक आहे ना?"

"त्याला काय विचारता! परीक्षेत हेच तर लिहितो तो," अण्णा म्हणाले. सगळे हसले.

मला कशाची भीती वाटली? पूजा अडेल याची? की माझं चुकलं तर अण्णांची मान खाली जाईल याची? अजून नीट सांगता येत नाही. कुंकवानं भरलेला अंगठा मी त्या रेघेवर दाबला. म्हणालो, "सरी."

घरी गेल्यावर सांगू, म्हटलं. मग उद्या. मग — दिवाळीच्या आधीच चौकट तुटली. अण्णांच्या उजव्या हाताची बोटं गेली.

पत्रा जाड घातला असेल, मालक म्हणाले. दवाखान्यात अण्णांनी ते मानलंही. मी उशाशी बसलो होतो. तेव्हा तरी बोलायचं होतं ना?

आता ते घरीच असतात. कुणी भेटायला आलं की डाव्या हातानं चहा पुढे करतात. म्हणतात, "मशीनचा दोष नाही हो. आमच्या मुलानं स्वतः बघितलं होतं. माझंच चुकलं."

मग माझ्याकडे बघतात. आणि मी — मी मान हलवतो.